काच वर येईना

आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच मे महिन्यात खाली गेली, ती ऑगस्टपर्यंत बटणाने वर आली नाही. गोष्ट एवढीशी. मासिकात लिहावी अशी तर मुळीच नाही. पण या काचेपायी आमच्या घरात जे घडले ते लिहून काढायचे आम्ही कबूल केले आहे. कोणाकडे केले, ते शेवटी येईलच.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. राहायला चिपळूणला. घरात अब्बा आणि आमची दोन मुले. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले तेव्हा घरी एक हार, एक घड्याळ आणि हत्यारांची एक पत्र्याची पेटी घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता चालतात-फिरतात, पण उजवा हात थरथरतो आणि बोलणे फार हळू झाले आहे. त्यांना कराडच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते म्हणूनच आम्ही ही गाडी घेतली. सेकंडहँड, आज बारा वर्षांची. अब्बा पुढे डाव्या सीटवर बसतात. एसी त्यांना सोसत नाही. काच चार बोटे खाली हवी, म्हणजे त्यांचा जीव रमतो.

मे महिन्यात आपा आली. आपा म्हणजे आमची थोरली बहीण, मुंब्र्याला असते. दरवर्षी सुट्टीत मुलाला घेऊन दहा-बारा दिवस येते. मुलाला सगळे बाबू म्हणतात. अकरा वर्षांचा आहे. त्याला बटणांचा भारी नाद. पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सर, टॉर्च, काही हाताला लागले की ते कसे चालते हे त्याला बघायचे असते. एके दिवशी आम्ही सगळे गुहागरला समुद्रावर गेलो. अब्बा घरीच राहिले, म्हणून बाबू पुढच्या सीटवर बसला. रस्ताभर काच वर, काच खाली. दोनदा आम्ही रागावलो. परतताना काच खाली गेली आणि वर येईना. डावीकडचे बटण दाबून पाहिले, ड्रायव्हरकडचे दाबून पाहिले. काही नाही. बाबूने हात मांडीखाली घातले आणि घर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात दाखवली. मेस्त्री घाईत होता, समोर चार गाड्या उभ्या होत्या. त्याने दाराचा आतला पॅड काढला, काच मशीनपासून सोडवून हाताने वर केली आणि खाली लाकडाची पाचर ठोकून दिली. म्हणाला, “बहुतेक बटण गेलंय, नाहीतर मोटर. दोन्ही बदलून टाकू. बेचाळीसशे होतील.” आम्ही म्हटले, नंतर बघू. मेस्त्रीची यात काही चूक नाही. त्याने ‘बहुतेक’ म्हटले होते. तो ‘बहुतेक’ आम्ही घरी येता येता वाटेतच टाकून दिला. घरी पोचेपर्यंत आमच्या डोक्यात एकच वाक्य उरले होते: बटण गेले, बाबूने घालवले.

त्या रात्री चाची आणि त्यांच्या दोन्ही सुना जेवायला होत्या. दस्तरखान मांडलेले, सगळे बसलेले. कोणीतरी काचेचा विषय काढला आणि आमच्या तोंडून निघून गेले, “दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी, हे मुलांना घरात शिकवायला लागतं.” बोललो एकानेच, पण दुसऱ्याने मान डोलावली, त्यामुळे ते वाक्य आमचे दोघांचेच. बाबूने ताटातला घास ताटातच ठेवला. आपाने एकदा आमच्याकडे पाहिले आणि चाचींना आमटी वाढली. अजून चार दिवस राहायचे ठरले होते. दुसऱ्याच दिवशी ती दिव्याच्या गाडीने निघाली. म्हणाली, “त्याचा क्लास लवकर सुरू होतोय.” कुठला क्लास, हे आम्हीही विचारले नाही.

मग पाऊस सुरू झाला. आपाचे फोन कमी झाले. अब्बांची चौकशी करायची, मुलांची करायची, आणि “बरं ठेवते” म्हणायची. आम्ही एकमेकांना सांगायचो, एवढे काय त्यात, आपण खोटे का बोललो? खोटे नव्हतेच ते आमच्या मते. आणि बेचाळीसशे रुपये काही जमत नव्हते. शाळेच्या फिया, वह्या, छत्र्या. काच पाचरीवर उभी होती, तेवढ्यावर भागत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अब्बांना कराडला नेत होतो. कुंभार्ली घाटात एका खड्ड्यात चाक आदळले आणि पाचर निसटली. काच धाडकन खाली. बाहेर कोसळणारा पाऊस, रस्त्यावर धुके, गाडी थांबवायला जागा नाही. मागे वळून पाहावे तर अब्बांनी रिपोर्टांची फाईल पोटाशी धरलेली आणि थरथरत्या हाताने खिडकीत छत्री आडवी लावलेली. कराडला पोचेपर्यंत त्यांची डावी बाजू ओलीचिंब झाली होती. एक शब्द तक्रारीचा नाही. डॉक्टरांकडून निघताना म्हणाले, “रविवारी पाऊस थांबला तर मला अंगणात खुर्ची टाकून द्या. बघू तरी.”

रविवारी उघडीप होती. आम्ही खुर्ची टाकली, अब्बांची पत्र्याची पेटी आणली. त्यात त्यांचा टेस्ट लॅम्प होता: एक छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोचणी. बल्ब एसटीचा, म्हणजे चोवीस व्होल्टचा. आमच्या गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. म्हणजे लागला तरी मिणमिणता लागणार. अब्बा म्हणाले, “मिणमिणता चालेल. लागतो की नाही एवढंच बघायचंय.”

आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराला भिडणार, तोच त्यांनी हात वर केला. “आधी विचारा. खोलायचं मागून.”

कोणाला विचारायचे? तर गाडीला. बाकीच्या तीन काचा चालतात का? चालतात. म्हणजे आमच्या गाडीपुरते बोलायचे तर फ्यूज शाबूत, कारण चारी काचांना फ्यूज एकच आहे. ड्रायव्हरच्या दारावर मुलांसाठी लॉकचे बटण असते, ते चुकून दाबलेले नाही ना? नाही. मग गाडीतला छताचा दिवा लावायला सांगितला. डावीकडचे बटण खाली दाबले, तर आत मोटर जराशी कण्हली आणि दिव्याचा उजेड किंचित कमी झाला. तेच बटण वर ओढले, तर दिवा होता तसाच. ड्रायव्हरकडचे बटण दोन्ही बाजूंनी दाबले, तरी दिवा तसाच. अब्बांनी हे तीनदा करायला लावले. मग म्हणाले, “खाली दाबल्यावर करंट जातोय. वर ओढल्यावर जातच नाहीये. मोटर बिचारी काय करणार? तिच्यापर्यंत हुकूमच पोचत नाही.”

यात एक पैसा लागला नव्हता, एक स्क्रू फिरला नव्हता. मे महिन्यात आम्ही एवढेही केले नव्हते.

गाडीचे पुस्तक काढायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला. पुस्तकाखाली एक पाकीट होते, लग्नपत्रिकेचे, उलटे करून चिकटवलेले. वर पेन्सिलीने लिहिले होते, ‘मामू-मामींना, काचेसाठी’. आत दहा-वीसच्या नोटा, एक पन्नासची, एक शंभराची. मोजल्या तर दोनशे सत्तर. ईदी होती त्याची. जाण्याआधी कधीतरी ठेवून गेला असणार, आणि अडीच-तीन महिने आम्ही तो कप्पा उघडलाच नव्हता.

आम्ही पाकीट अब्बांच्या हातात दिले. त्यांनी वाचले, खिशात ठेवले आणि म्हणाले, “पॅड काढा.”

पॅड कसा काढतात ते थोडक्यात सांगतो, कारण जोर लावून तोडणारेच जास्त. हँडलच्या खोबणीत एक-दोन स्क्रू असतात, त्यांच्यावर छोटी झाकणे बसवलेली असतात. ते काढले की कडेने प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. पॅड खालच्या कडेपासून हळूहळू सोडवायचा, मग वर उचलायचा. मागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडायचा नाही. काचेवरचे पाणी दाराच्या आत उतरतच असते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. ते पाणी सीटकडे येऊ नये म्हणून तो कागद. फाटला की पावसाळ्यात पायाखाली तळे होते. आणि काच मशीनमध्ये बोटे असताना कोणीही बटणाला हात लावायचा नाही. घरात मुले असतील तर चावी खिशात ठेवायची.

काच पुन्हा मशीनच्या पट्टीवर बसवून दोन बोल्ट आवळले. दाराच्या आत हात शिरवणे अवघड होते, तेव्हा आमच्यातल्या बारीक हाताने बांगड्या उतरवून ते काम केले आणि जाड्या हाताने टॉर्च धरला. मग मोटरीचा प्लग काढून, मध्ये फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीचा करंट सरळ मोटरीला दिला. काच खाली गेली. वायरी उलट्या लावल्या. काच सरसर वर आली, थेट रबरात जाऊन बसली.

मोटर चांगली होती. बेचाळीसशेतला मोठा वाटा तिथेच वाचला. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, पण अब्बांचे लक्ष नव्हते. ते डाव्या हाताने जमिनीवर काडीने रेघा ओढत होते.

त्यांनी समजावले ते आमच्या शब्दांत असे. मोटरीला वायरी दोनच. पहिलीतून करंट आत आला आणि दुसरीतून बाहेर गेला की काच वर जाते. दुसरीतून आत आला आणि पहिलीतून बाहेर गेला की काच खाली येते. मोटर तीच, वाट उलटी. आता आमच्यासारख्या साध्या जुन्या गाड्यांत बहुधा असे असते की डावीकडचे बटण दाबले, तर जाणारा करंट तिथल्या तिथे मिळतो. पण परतणारा करंट तिथे संपत नाही. तो वायरीतून निघून पार ड्रायव्हरच्या दारातल्या बटणापर्यंत जातो आणि तिथून गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला मिळतो. दोन परतीच्या वायरी, एक वरची, एक खालची. त्यातली एक तुटली तर काय होईल? डावीकडचे बटण एकाच दिशेने चालेल. आणि ड्रायव्हरचे बटण कुठल्याच दिशेने चालणार नाही, कारण त्याला जाणे-येणे याच दोन वायरींतून करायचे असते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अगदी हेच तर होत होते.

अब्बा म्हणाले, “जायला वाट आहे. परत यायला नाही.”

डावीकडच्या बटणाचा प्लग हातात घेतला. तिथे त्यांनी सांगितलेल्या वायरीला एक जादा वायर जोडून तिचे दुसरे टोक दाराच्या उघड्या लोखंडाला टेकवले, म्हणजे परतीची वाट तिथेच करून दिली, आणि बटण वर ओढले. काच वर आली. म्हणजे बटणही चांगले होते. बाबूने महिनाभर दाबले असते तरी चांगलेच राहिले असते. त्या बाजूच्या दारात काही म्हणजे काहीच बिघडलेले नव्हते.

मग ड्रायव्हरच्या दाराचा पॅड काढला. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोचणी बटणामागच्या त्याच रंगाच्या वायरीला. दिवा मिणमिणला. म्हणजे ड्रायव्हरचे बटण अर्थ देत होते. तीच वायर डावीकडच्या दारात तपासली, तर दिवा विझलेला. इथे आहे, तिथे नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी तुटली आहे.

“टोचणी तिथेच धरून ठेवा,” अब्बा म्हणाले, “आणि एकाने ड्रायव्हरचं दार हळूहळू उघडा, हळूहळू लावा.”

आम्ही तसे केले. दार अर्धे उघडले आणि डावीकडचा तो पिवळट दिवा एकदम लागला. आणखी उघडले, विझला. परत अर्ध्यावर आणले, लागला.

ड्रायव्हरचे दार आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये, बिजागरीच्या जवळ, घड्याघड्यांची एक रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडताना त्या सरळ होतात, लावताना दुमडतात. ती नळी सरकवून पाहिली. आतल्या एका वायरीचे प्लॅस्टिक तडकले होते, आतले तांबे हिरवे पडून तुटले होते. दोन टोके एकमेकांना कधी टेकत होती, कधी नाही. शेजारच्या दोन वायरींनाही तडे गेले होते. आम्ही हिशेब केला. दिवसाला दहा वेळा दार उघडले असे धरले, तरी बारा वर्षांत चाळीस हजारांच्या वर होते. कुठलीही तार इतकी वाकवली की तुटणारच.

आणि ते दार कोणाचे? ड्रायव्हरचे. ते आमच्याशिवाय कोणी उघडत नाही. बाबू तर एकदाही त्या दाराने चढला-उतरला नव्हता.

तेवढ्यात अब्बा म्हणाले, “मार्चमध्ये पेट्रोल पंपावर आठवतंय? माझी काच तुमच्या बटणाने वर येईना. मग तुम्ही पैसे द्यायला दार उघडलं आणि तसंच बटण दाबलं, तेव्हा आली.”

आम्हाला आठवले. आपा येण्याच्या दोन महिने आधी. तेव्हाही आम्ही म्हणालो होतो, गाडी जुनी झाली, चालायचेच. म्हणजे बिघाडाची पहिली खूण आम्हीच पाहिली होती आणि आम्हीच विसरलो होतो. “अब्बा, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? जेवताना?” असे आमच्या तोंडून निघाले.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “मला बोलायला वेळ लागतो, बेटा. तुमचं तोवर बोलून झालं होतं.”

दुरुस्ती सोपी होती. बॅटरीची मायनस तार काढून ठेवली. तुटलेल्या आणि तडकलेल्या तिन्ही वायरींचे खराब तुकडे कापले आणि त्याच जाडीची नवी, लवचीक वायर थोडी सैल ठेवून जोडली. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच, म्हणून प्रत्येक जोड सोल्डर केला आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवली. जोड दुमडणाऱ्या भागात येऊ दिले नाहीत, आणि तिन्ही एकाच जागी न घेता मागे-पुढे घेतले. अब्बांना सोल्डर करायचे होते. हात थरथरला. त्यांनी इस्त्री आमच्या हातात दिली आणि आमच्या मनगटाखाली आपला डावा हात ठेवला. काचेच्या दोन्ही बाजूंचे रबर ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. तेल किंवा ग्रीस मारायचे नाही, त्याने रबर फुगते आणि काच आणखी अडते. वायर, स्लीव्ह आणि सोल्डर मिळून एकशे चाळीस रुपये लागले. फवारा घरात होताच.

बॅटरी जोडली, बटण ओढले. काच वर आली. ड्रायव्हरकडून ओढले, तरी आली. दार उघडे ठेवून, लावून, अर्धवट ठेवून पाहिले. आली.

अब्बा खुर्चीतून उठले, आपल्या सीटवर जाऊन बसले, काच चार बोटे खाली केली आणि पाकीट खिशातून काढून आमच्या हातात दिले. “आता खरं काम करा,” म्हणाले.

आपाला फोन लावायला आम्हाला मगरिबपर्यंत वेळ लागला. वायर शोधायला लागला होता त्याहून जास्त. आधी कोण बोलणार यावरच अर्धा तास गेला. शेवटी फोन स्पीकरवर टाकला आणि दोघांनी मिळून सगळे सांगितले: दिवा, मोटर, बटण, वायर, पेट्रोल पंप. आणि पाकीट. पाकिटाचे तिला माहीत नव्हते. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“आपा, चुकलो आम्ही. माफ कर.”

ती म्हणाली, “माफ करायला मला काय. पण तुम्ही बोललात ते चाचींसमोर, सुनांसमोर. आणि माफी फोनवर कानात सांगताय? ज्या दस्तरखानावर बोललात, त्याच दस्तरखानावर सांगा. मला नको, त्याला सांगा.”

तिचे बरोबर होते. आम्ही म्हटले, सांगू.

मग तिने फोन बाबूला दिला. आम्ही म्हटले, “बाबू, काच तू बिघडवली नव्हतीस. वायर आमच्या दारात तुटली होती.” आम्हाला वाटले तो रडेल, किंवा काहीच बोलणार नाही. तो जरा थांबून म्हणाला, “मग मामू, वायर तुटली होती तर खाली कशी जात होती?”

तीन महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला पडला नव्हता. अब्बांनी फोन मागून घेतला. नेहमी दोन वाक्यांत थकणारे अब्बा त्या रात्री पंचवीस मिनिटे बोलले. मध्ये मध्ये थांबत, शब्द शोधत. पलीकडून पोरगा एकदाही “लवकर सांगा” म्हणाला नाही.

पुढच्या महिन्यात आपा आली. आम्ही चाचींना आणि दोन्ही सुनांना जेवायला बोलावले. सगळे बसल्यावर आम्ही सांगितले की मे महिन्यात याच जागी आम्ही बाबूबद्दल जे बोललो ते चूक होते, बिघाड आमच्या दारात होता आणि आम्ही न तपासता बोललो. चाची म्हणाल्या, “अरे, जुनी गोष्ट, कशाला काढता?” आपा म्हणाली, “काढू दे त्यांना, चाची.” बाबू खाली मान घालून जेवत होता, पण जेवत होता.

आम्हाला या सगळ्यात एक गोष्ट टोचते ती अशी. वस्तू बिघडली की बिघाड शोधायला वेळ लागतो, माणूस शोधायला लागत नाही. आणि तो माणूस बहुतेक वेळा घरातला सगळ्यात लहान असतो, किंवा कामाला येणारी बाई, किंवा पाहुणा. ज्याला उलट बोलता येत नाही तो. ‘तूच शेवटचा हात लावलास ना?’ एवढा पुरावा आपल्याला पुरतो. पण चाळीस हजार वेळा वाकलेली तार कोणाच्या तरी हातून शेवटची वाकणारच असते. इथे तर ती त्याच्या हातूनही वाकली नव्हती.

मुलांना काचेच्या बटणाशी खेळू द्यावे असे आम्ही म्हणत नाही. उलट त्या दिवशी आमची आणखी एक चूक झाली होती. लॉकचे बटण त्यासाठीच असते, ते आम्ही दाबायला हवे होते. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची काच काही अडले म्हणून थांबत नाही. मुलाचे बोट, हात, मान तिच्यात सापडू शकते. मोटर बेचाळीसशेला तरी मिळते. त्याला रागवायचेच होते तर या काळजीपोटी रागवायला हवे होते. आम्ही रागावलो गाडीच्या काळजीने, आणि मुलांना हा फरक कळतो.

निघताना आम्ही पाकीट बाबूच्या हातात ठेवले. त्याने घेतले नाही. म्हणाला, “एक महिना काच नीट चालू दे. मग द्या.” अब्बा म्हणाले, “बरोबर आहे. ट्रायल घेतल्याशिवाय काम पास करायचं नाही.”

आणि आपा गाडीत बसता बसता म्हणाली, “तुम्ही मासिकात कधीमधी लिहिता ना? मग हेही लिहा. मी वाचते ते. लोकांच्या घरीही मुलं असतात.”

लिहिले, आपा. महिना परवा पूर्ण झाला. काच चालते आहे. पाकीट घेऊन येत्या रविवारी आम्ही मुंब्र्याला येतोय. अब्बाही येणार म्हणतात. पेटी सोबत घ्यायला सांगितली आहे.